एक नदी, एक खडक, दोन होड्या: फायबर आणि प्लास्टिकच्या कॅनूचं एक प्रकरण

भाच्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये होडीच्या तळाला पॉलिश पेपर मारत होते. हा मुलगा पुण्यात असताना सुट्टी मिळाली की कोलाडला पळायचा, कुंडलिकेवर कयाक शिकला. आता अमेरिकेत, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला एम.एस. करतोय आणि इथे आल्यापासून त्याला कॅनूचं वेड लागलंय. वरून उघडी होडी, गुडघे टेकून बसायचं आणि एकाच पात्याचं वल्हं मारायचं. "मावशी, प्लास्टिकची घेऊ की फायबरची? निम्मे लोक म्हणतात प्लास्टिकशिवाय खडकाळ नदीत उतरूच नकोस. उरलेले म्हणतात प्लास्टिक म्हणजे नुसतं ओझं."

फोनवर मी त्याला अर्धा तास काय काय सांगितलं, पण नीट सांगून झालं नाही. आमच्या घरात दोन हंगाम दोन्ही प्रकारच्या होड्या होत्या. त्या एकाच नदीवर चालल्या, एकाच खडकावर आदळल्या, आणि दोघींचं पुढे जे झालं त्याची नोंद माझ्या वहीत आहे. ते सगळं प्रकरण इथे सविस्तर लिहिते आहे.

नदी

आम्ही अटलांटाच्या उपनगरात राहतो. तीनेक तास गाडी चालवली की नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम कोपऱ्यात नँटाहाला नदी लागते. कोलाड माहीत असलेल्याला ही नदी समजावून सांगणं सोपं आहे. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की कुंडलिकेला राफ्ट चालवण्याइतकं पाणी येतं. इथेही तसंच: वर धरण, बोगद्यातून वीजघरात आणलेलं पाणी, आणि ते सुटलं की नदी जागी होते. फरक पाण्याच्या थंडाव्याचा. तलावाच्या खोलातून आलेलं हे पाणी भर जुलैतही ८ ते १० अंशांच्या आसपास असतं. उन्हाळ्याच्या सकाळी अख्ख्या घळीत नदीवर धुकं तरंगत असतं. चेरोकी भाषेत नँटाहाला म्हणजे मध्यान्हीच्या सूर्याची भूमी. घळ इतकी अरुंद आणि खोल की ऊन तळापर्यंत पोचतं ते दुपारी डोक्यावर आल्यावरच.

उतरण्याच्या जागेपासून शेवटापर्यंत ८ मैल, म्हणजे सुमारे १३ किलोमीटर. सुरुवातीलाच पॅटन्स रन नावाचं वळण, मग बराच वेळ दुसऱ्या श्रेणीचं खळाळतं पाणी (श्रेणी जितकी वरची तितकं पाणी अवघड), आणि अगदी शेवटी तिसऱ्या श्रेणीचा नँटाहाला फॉल्स. तिथेच काठावर १९७२ साली सुरू झालेलं नँटाहाला आउटडोअर सेंटर आहे. २०१३ ची फ्रीस्टाइल कयाकिंगची जागतिक स्पर्धा याच नदीवर झाली. जीवघेणी म्हणावी अशी ही नदी नाही. फॉल्सच्या खालचा वेसर फॉल्स मात्र जीवघेणा आहे, त्याच्या वाटेला आम्ही जात नाही. पण नँटाहाला उथळ आहे. एका फेरीत तळाला दगड लागला नाही असं होतच नाही. होडीच्या कातडीची परीक्षा बघायला अशी नदी चांगली.

जी होडी गेली

माझी पहिली होडी १३ फुटी, रॉयलेक्सची, सेकंडहँड. रॉयलेक्स ही काय चीज होती ते आधी सांगायला हवं, कारण तो माल मिळत असता तर भाच्याला हा प्रश्न पडलाच नसता.

रॉयलेक्स म्हणजे पत्र्यासारखा एक तक्ता. मध्ये एबीएस नावाचं चिवट प्लास्टिक फेसाळ करून, त्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट एबीएस, आणि सगळ्यात वर व्हिनाइलची पातळ साय. हा तक्ता तापवून मऊ करायचा आणि साच्यावर हवा ओढून बसवायचा, की होडीचं कवच तयार. खडकावर होडी दुमडली तरी बाहेर काढून उन्हात ठेवली की बरीचशी पूर्ववत व्हायची. मध्ये फेस असल्यामुळे बुडायची नाही. व्हिनाइलवर गोंद छान धरायचा, त्यामुळे आत गुडघ्याचे पट्टे, हवेच्या पिशव्या बांधायच्या कड्या हव्या तिथे चिकटवता यायच्या. युनिरॉयल कंपनीचा हा शोध. १९७० च्या दशकापासून पुढची चाळीसेक वर्षं अमेरिकेतल्या खडकाळ नद्यांवर कॅनू म्हटली की बहुतेक वेळा रॉयलेक्सचीच असायची.

पण सगळ्या होडी कंपन्यांना तक्ता पुरवणारा कारखाना एकच. तो हात बदलत स्पारटेककडे गेला, २०१३ मध्ये पॉलिवन कंपनीने स्पारटेक घेतली, आणि एवढ्याशा खपासाठी हा माल चालवणं परवडत नाही म्हणून २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. कित्येक चांगल्या होड्यांचे साचे रिकामे पडले. कॅनडातल्या क्वेबेकच्या एस्किफ कंपनीने पुढे टी-फॉर्मेक्स नावाचा तसाच तक्ता बनवायला घेतला. तो रॉयलेक्सपेक्षा किंचित जड पण घासायला चिवट आहे. मात्र पूर्वीसारखी रेलचेल परत आली नाही. मला याचं अजून वाईट वाटतं. चाळीस वर्षं हजारो लोकांच्या उपयोगी पडलेला माल एका कारखान्याच्या हिशोबात बसला नाही म्हणून संपला.

माझी रॉयलेक्स खडकावर फुटली नाही, ती झिजली. होडी वळताना मागचं टोक खाली दबतं आणि दगडावरून घासतं. दर फेरीला तिथलंच थोडं थोडं जात होतं. आधी व्हिनाइल गेलं, मग एबीएस, आणि २०२१ च्या शेवटी हाताच्या पंजाएवढ्या जागेत आतला फेस दिसायला लागला. त्यातच हिवाळ्यात लाकडी काठपट्टीच्या स्क्रूपासून खाली दोन भेगा गेल्या. त्याला इकडे कोल्ड क्रॅक म्हणतात. थंडीत प्लास्टिक आकसतं, लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आणि स्क्रूने दोघांना जखडलेलं असतं. मग दोघांतलं कमकुवत असेल ते तडकतं. हिवाळा लागण्याआधी स्क्रू ढिले करून ठेवायचे असतात. मी केले नव्हते, आणि ती चूक निस्तरता आली नाही.

दोन होड्या घरी येतात

२०२२ च्या वसंतात आम्ही दोघांनी दोन वेगळे निर्णय घेतले. नवऱ्याने ११ फुटी पॉलिइथिलीनची, म्हणजे प्लास्टिकची होडी घेतली. मी १३ फुटी, काच आणि केव्हलारच्या कापडाची, म्हणजे आपल्या भाषेत फायबरची. दोन्ही सेकंडहँड. त्याची ८०० डॉलरला, माझी ११०० ला. आतली बैठक आणि पट्टे धरून, पण हवेच्या पिशव्या न धरता, वजनं त्याची २६ किलो आणि माझी १७ किलो भरली. हे आकडे मी न्हाणीघरातल्या काट्यावर आधी स्वतः उभी राहून आणि मग होडी खांद्यावर घेऊन काढलेत, त्यामुळे अर्धा किलो इकडेतिकडे असेल.

पॉलिइथिलीनची होडी कशी बनते हे मराठी माणसाला गच्चीवर नेऊन दाखवता येतं. पाण्याची काळी टाकी बनते तशीच. पोकळ साच्यात प्लास्टिकची पूड टाकायची, साचा भट्टीत दोन्ही अंगांनी फिरवत ठेवायचा, पूड वितळून आतून सगळीकडे सारखी बसते. सांधा नाही, जोड नाही. टाकीचे गुणही तेच आणि अवगुणही तेच. आदळली तर फुटत नाही, फार तर पोचा येतो. पण टाकीला चीर पडली की एम-सील लावून बघितलंय ना सगळ्यांनी? दोन दिवसांत पापुद्रा सुटून येतो. पॉलिइथिलीनला काहीच धड चिकटत नाही. म्हणून त्या होडीत आतली प्रत्येक गोष्ट नट-बोल्टने बसवावी लागते, आणि प्रत्येक बोल्ट म्हणजे तळात किंवा काठात एक भोक.

माझ्या होडीची ओळख मला लहानपणापासूनची. माझं माहेर मालवणचं. किनाऱ्यावरच्या लाकडी होड्या जाऊन फायबरच्या आल्या ते माझ्या डोळ्यांदेखत. होडी उलटी घातलेली, मॅटचा तुकडा, डब्यातलं रेझिन (कापडात मुरून कडक होणारा चिकट द्रव), ब्रश, आणि नाकात जाऊन बसणारा तो उग्र वास. मासेमारीची होडी जड असते, तिथे चुरा केलेल्या काचधाग्याची मॅट चालते. खळाळत्या पाण्यातल्या होडीला विणलेलं कापड लागतं आणि रेझिन मोजून-मापून. रेझिन जास्त झालं की वजन वाढतं आणि कवच ठिसूळ होतं.

थर कुठला बाहेर आणि कुठला आत, यात सगळी मेख आहे. दगड बाहेरून आत ढकलतो. त्या क्षणी कवचाची बाहेरची बाजू दाबली जाते आणि आतली ताणली जाते. काच दाब चांगला सोसते, घासून गुळगुळीतही होते, म्हणून ती बाहेर. केव्हलार ताणाला जबरदस्त, दाबाला कच्चं, आणि घासलं तर त्याची लव निघते, म्हणून ते आत. १९६५ मध्ये ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक यांना हा धागा सापडला. त्याची बुलेटप्रूफ जाकिटं झाल्यामुळे लोकांना वाटतं केव्हलारची होडी फुटणारच नाही. फुटते. फक्त दोन तुकडे होत नाहीत, फुटलेलं केव्हलार धरून ठेवतं. नुसत्या कार्बनची होडी सगळ्यात हलकी आणि कडक, पण कार्बनचा धागा जेमतेम दीड-दोन टक्के ताणला की तुटतो. खडकाळ नदीसाठी नुसतं कार्बन मी कुणालाही सुचवणार नाही. त्याच्या जोडीला केव्हलार किंवा इनेग्रा नावाचा पॉलिप्रॉपिलीनचा धागा असेल तर गोष्ट वेगळी.

वजनाचा हिशोब एकदा मांडून बघितला होता. ७ मिलिमीटर जाडीच्या पॉलिइथिलीनचा एक चौरस मीटर साडेसहा किलोच्या वर जातो. काच-केव्हलारचा ३ मिलिमीटरचा थर तेवढ्याच जागेत साडेचारच्या आसपास. एवढं करून तो पातळ थरच वाकायला जास्त कडक, कारण मुळात तो माल पॉलिइथिलीनच्या पंधरा-वीस पट ताठ आहे.

पाण्यात काय फरक पडला

इथे मला प्रामाणिकपणे लिहायचंय, कारण फायबरवाले इथे फार वाढवून सांगतात. मी ५८ किलोची, कपडे-हेल्मेट-लाइफजॅकेट मिळून ६, होडी १७. एकूण ८१. नवऱ्याच्या होडीत बसले तर ९०. म्हणजे पाण्यावरचा फरक अकरा टक्के. काही फेऱ्या आम्ही होड्या बदलून केल्या. सरळ धारेत मला फारसं काही जाणवलं नाही. जाणवलं ते दोन ठिकाणी. एक, वळताना: हलक्या टोकांची होडी वल्ह्याच्या एका फटक्यात तोंड फिरवते, जड टोकांना आधी ओढावं आणि मग आवरावं लागतं. दुसरं, खडकामागच्या उलट्या पाण्यात शिरताना. त्याला एडी म्हणतात, खळाळात थांबायची तीच एक जागा. धार ओलांडायला तीन जोरदार फटके लागतात, आणि प्लास्टिकच्या होडीचा तळ प्रत्येक फटक्याला आत-बाहेर होतो, श्वास घेणाऱ्या पोटासारखा. थोडी ताकद त्यातच जाते. माझे दंड काही तिशीतले नाहीत. तिसऱ्या फटक्याला एडीत शिरणं आणि अर्धा हात खाली घसरून खडकावर जाणं, यातलं अंतर माझ्यासाठी एवढंच आहे.

लोक विचारतात, आदळल्यावर कुठली टिकते. किती वेळा आदळते हे कुणी विचारत नाही. वहीत मी प्रत्येक फेरीला जोराचे दणके मोजले होते, तळ घासणं सोडून. फायबरमध्ये मला फेरीला एखादा. त्याच्या प्लास्टिकमध्ये मीच बसले की दोन-तीन. यात माझी भीतीही मोजली गेलीय हे मान्य, फायबरमध्ये मी जपून रेषा निवडते. पण होडीने माणसाला जपायला लावलं तर तोही होडीचाच गुण धरायला हवा.

उथळ जागी घसरताना मात्र प्लास्टिकला तोड नाही. दगडावरून ती साबणासारखी निसटते. माझी करकरते, आणि त्या आवाजाने अजून माझ्या दातांत कळ जाते.

खडक

पॅटन्स रनच्या थोडं खाली, हमरस्त्याच्या बाजूला एक चपटा खडक आहे. एप्रिल २०२३ मध्ये नवरा त्यावर आडवा गेला. होडीचं पोट आत गेलं, त्याच्या उजव्या गुडघ्याला लागेपर्यंत आत, त्याने खडकाच्या बाजूला अंग टाकलं, आणि होडी फुर्र करून सुटली. बाहेर काढून बघितलं तर एक पांढरट ओरखडा आणि नखाने काढता येईल एवढं सालपट. बस.

महिन्याभराने त्याच खडकावर मी. एडी चुकली, होडी आडवी झाली, आणि अंगवळणी पडलेलं असूनही ऐन वेळी मी खडकापासून दूर, धारेच्या बाजूला झुकले. वरची कड पाण्याखाली गेली आणि होडी भरली. मी पाण्यात न राहता खडकावर चढले, हे तेवढं बरोबर केलं. भरलेल्या होडीच्या आणि खडकाच्या मध्ये माणूस सापडला तर होडी कशाची आहे हा प्रश्नच उरत नाही.

पाण्याचा जोर किती असतो हे आकड्यात सांगते. आडव्या होडीचं साधारण सव्वा चौरस मीटर अंग धारेला लागलं आणि धार सेकंदाला २ मीटरची असेल तर ढकल तीनशे किलोच्या आसपास. धार ३ मीटरची झाली की जवळपास सातशे. वेग दीडपट आणि जोर सव्वादोनपट, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्या जागी त्या दिवशी धार पहिल्या आकड्याच्या जवळची होती, म्हणून होडी उरली. पुढच्या-मागच्या हवेच्या पिशव्या फुगलेल्या होत्या, त्यामुळे पाणी फक्त मधल्या भागात भरलं. पिशव्या नसत्या तर माझी खात्री आहे की ती मधोमध मोडली असती.

काढायला चाळीस मिनिटं लागली. आमच्या गटात एक काका आहेत, निवृत्त, पंचवीस वर्षं या नदीवर. त्यांनी सगळ्यांना आधी थांबवलं. "दोर आडव्या दांड्याला बांधू नका रे, दांडा उपटून हातात येईल. पूर्ण पोटाला वेढा घ्या." दोर होडीच्या खालून फिरवून वेढा घातला, काठावरच्या झाडाला पट्टा, दोन कप्प्या, आणि ओढीला तिप्पट बळ देणारी झेडच्या आकाराची मांडणी. ओढण्याआधी काकांनी एक टोक फक्त वीतभर वर उचलायला लावलं. दोन्ही बाजूंना सारखा असलेला जोर तेवढ्याने बिघडला, धारेने उरलेलं काम स्वतःच केलं आणि होडी फिरून सुटली.

तळ आणि कूस जिथे मिळतात त्या वळणावर ४० सेंटीमीटरची चीर होती. बाहेरची काच तुटून पांढरी पडलेली. आतलं केव्हलार फुगलेलं, पण अखंड. पाणी आत धार लावून येत नव्हतं, झिरपत होतं. रस्ता बाजूलाच, म्हणून मी होडी तिथेच गाडीवर चढवली. रस्ता नसता तर टॉवेलने कोरडी करून, चिकटपट्टी दाबून शेवटपर्यंत नेता आली असती.

दोन संध्याकाळी

हा भाग भाच्याने नीट वाचावा.

पहिली गोष्ट, नुकसान डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा मोठं असतं. मडकं घेताना बोटाने वाजवून बघतो तसं मी नाण्याने चिरेच्या भोवती टकटक करत गेले. चांगल्या जागी टणक आवाज, जिथे थर एकमेकांपासून सुटलेत तिथे बद्द. बद्द जागेभोवती पेन्सिलने रेघ मारली. चीर ४० सेंटीमीटरची आणि रेघ ५५ ची निघाली.

मग सुटलेली काच पॉलिश पेपरने घासून काढली, कडा उतरत्या केल्या. तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज, अंगात पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. काचेची धूळ कातडीत घुसली की दोन दिवस खाजते, आणि फुप्फुसात जाऊन ती कुणाचंही भलं करत नाही. केव्हलारला घासायच्या भानगडीत पडले नाही, नुसतं रेझिन खरवडलं. सगळं स्पिरिटने पुसून दोन दिवस कोरडं होऊ दिलं. ओल राहिली तर पुढची मेहनत पाण्यात जाते.

बाहेरून काचेचे तीन तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोन बोटं मोठा, कोपरे गोल कापलेले. टोकदार कोपरा पहिल्याच दगडाला उचलला जातो. आतून केव्हलारचा एक पट्टा. केव्हलार साध्या कात्रीने कापत नाही, चावल्यासारखं होतं, त्याला बारीक दातांची कात्री लागते. रेझिन इपॉक्सी जातीचं. जुनी होडी पॉलिएस्टर रेझिनची असो की व्हिनाइल एस्टर रेझिनची, तिच्यावर इपॉक्सी धरतं. उलट इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. वजनकाट्यावर मोजून मिसळलं, अंदाजाने नाही. ओलं कापड ब्रशने टोचत टोचत हवेचे बुडबुडे बाहेर काढले. काच ओली झाली की पारदर्शक होते. पांढरा ठिपका राहिला की तिथे हवा आहे असं समजायचं. मग वर पील-प्लाय नावाचं, नंतर सोलून काढायचं कापड दाबलं आणि रात्रभर सोडलं.

दुसऱ्या संध्याकाळी कापड सोललं, कडा घासल्या. खर्च साठेक डॉलर, वाढलेलं वजन ३८० ग्रॅम. तिसऱ्या शनिवारी होडी पाण्यात होती. आज दीड वर्षानंतरही त्या जागी आवाज टणक येतो.

प्लास्टिकचं काय झालं

नदीवर काहीच झालं नाही. मी मुद्दाम लिहिते: नदीने त्या होडीचं काही वाकडं केलं नाही. जे झालं ते सगळं जमिनीवर.

जुलै २०२३ मध्ये ती गाडीच्या टपावर उलटी, पट्टे करकचून आवळलेले, भर उन्हात पाच तास उभी होती. संध्याकाळी तळाला ताटाएवढा खळगा. पॉलिइथिलीन उन्हात मऊ पडतं आणि दाब असेल तिकडे हळूहळू सरकतं. खळगा आम्ही दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उन्हात तापवून, आतून लाकडी ठोकळा लावून काढला. बराचसा निघाला, पूर्ण नाही. शिवाय हे प्लास्टिक उष्णतेने फार पसरतं. तापलेल्या टपावरून नँटाहालाच्या पाण्यात म्हणजे पन्नासेक अंशांचा फरक. त्यात ११ फुटी होडी अडीच-तीन सेंटीमीटर आखूड होते. काठाच्या बोल्टची भोकं त्या ओढाताणीत हळूहळू लंबगोल झाली. दर महिन्याला पाना घेऊन बोल्ट आवळणं आलं.

पण ती संपली ते वेगळ्याच कारणाने. २६ किलो, त्यात ओली बैठक, पिशव्या, दोर, म्हणजे तिशीकडे. नवऱ्याची कंबर एकदा धरली आणि तिथून पुढे तो होडी उचलण्याऐवजी ओढायला लागला. गाडीपासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून गाडीपर्यंत, खडीवरून, काँक्रीटच्या उतारावरून. प्लास्टिक आहे, काय होतंय, असं सगळेच म्हणतात. मागच्या टोकाखालचा भाग इतका पातळ झाला की २०२४ च्या मार्चमध्ये तिथे बोटभर चीर पडली. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही, आणि त्याच जातीच्या प्लास्टिकच्या कांडीने वेल्डिंग केलं. त्याचं प्लास्टिक साधं, वितळणारं होतं म्हणून ते तरी जमलं. क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे आतल्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेलं असतं तर वितळलंच नसतं. मे महिन्यात वेल्डच्या शेजारीच पुन्हा चीर. पातळ झालेल्या जागी भरायला काही उरलेलंच नव्हतं.

दोन हंगामांत मी ३१ दिवस पाण्यात होते, तो १९. मी एकटी होडी टपावर चढवू शकते, त्यामुळे शुक्रवारी रात्री मनात आलं की शनिवारी निघते. त्याला चढवायला-उतरवायला दुसरं माणूस लागतं. खडकाने फुटली ती माझी होडी, आणि अजून चालतेय तीही माझीच. यावरून फायबर जास्त मजबूत असं मी म्हणणार नाही. त्याच्या होडीला कुणी रोज उचलून ठेवलं असतं तर ती अजून दहा वर्षं चालली असती. पण हलक्या होडीला माणूस उचलतो आणि जड होडीला ओढतो. हे मी आमच्याच घरात नाही, उतरण्याच्या जागी दर शनिवारी बघते.

भाच्यासाठी

माझं उत्तर माझ्या वयाला, माझ्या नदीला, माझ्या गॅरेजला धरून आहे. ते त्याला लागू नाही. तो चोवीस वर्षांचा, राहतो तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये, तिथे रेझिनचा डबा उघडला तर शेजारी तक्रार करतील. अजून एडी पकडायला शिकतोय, म्हणजे आदळणार, आणि त्याने आदळायलाच हवं, त्याशिवाय कसा शिकेल? मित्र होडी मागून नेणार. त्याला ओकोईवर जायचंय. टेनेसीतली ती नदी, जिथे १९९६ च्या ऑलिंपिकची स्लॅलम, म्हणजे टांगलेल्या खांबांमधून वळत जायची शर्यत झाली. तिथे पाणी मोठं आणि खडकांना गणती नाही. अशा माणसाने फायबर घेतलं तर तो होडी जपत बसेल, कसब शिकणार नाही. त्याने प्लास्टिकच घ्यावं, आणि सेकंडहँड घेताना मागच्या टोकाखाली अंगठा दाबून बघावा. दबलं तर सोडून द्यावी.

माझ्यासारख्या, पन्नाशीकडे झुकलेल्या, एकट्याने निघणाऱ्या, दोन संध्याकाळी आणि एक कोरडी जागा हाताशी असलेल्या बाईला मी डोळे झाकून फायबर सांगेन, आत केव्हलार असलेलं.

गेल्या महिन्यात त्याने घेतली. १० फुटी, पॉलिइथिलीनची, लाल. नँटाहालावर आम्ही भेटलो, धुकं अजून उतरलं नव्हतं. गाडीवरून त्याने होडी खाली घेतली, पुढच्या कडीत हात घातला आणि खडीवरून ओढायला सुरुवात केली. "अरे थांब, थांब!" मी ओरडले. माझी होडी खाली ठेवली, त्याच्या होडीचं मागचं टोक धरलं. "मावशी, प्लास्टिकची आहे ही," तो म्हणाला. "असू दे. तू पुढचं धर." ती आम्ही दोघांनी उचलून पाण्यापर्यंत नेली, आणि मग माझी घ्यायला परत आलो.